दुखवटा कुणी काढायचा

लोंढा
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

अक्काताईंना महादेवचा नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायचं काम जयाचं होतं. मे महिन्यात ती गेली, त्यानंतर या घरातून तुम्हाला पत्र आलेलं नाही. आता मी लिहितोय याचं तुम्हाला नवल वाटेल. फोनवर मला धड बोलता येत नाही. शिवाय तुमचा फोन बहुतेक वेळा दिपालीच उचलते. खासबागात पोस्टमन दुपारी येतो आणि तेव्हा ती शाळेत असते, म्हणून हा मार्ग धरला. वाचून झालं की पत्र तिच्या हाती लागू देऊ नका.

आमच्या स्टेशनात भरमू म्हणून ट्रॅकमन आहे. त्याची सासुरवाडी निपाणीची. परवा रविवारी तो निपाणीच्या स्टँडवर होता. सोमवारी ड्यूटीवर आल्या आल्या म्हणाला, "महादेव आण्णा, तुमची पोरगी काल निपाणीत बघितली." मी म्हटलं, दुसरी कोणी असेल. तर म्हणाला, "ती दिपाली न्हवं, तर मी भरमू न्हवं. लहानपणी माझ्या सायकलवर बसून शाळेला गेलेली पोर मी वळखत न्हाय व्हय?"

त्याने सांगितलं ते असं. अंगात हिरवा ड्रेस, कोरा करकरीत. केसांत अबोलीचा गजरा. बरोबर तिच्याच वयाची एक मुलगी आणि एक तरुण पोरगा. बावीस-तेवीसचा असेल. दिपालीची बॅग त्याच्या खांद्यावर होती.

यंदा आमच्या घरात दिवाळी नव्हती. कपडे मी घेतले नाहीत. तुम्ही घेतले असते तर मला सांगितलं असतं. आणि आईला जाऊन सहा महिने झाले, गजरा माळून ही पोर निपाणीत काय करते? शनिवारी मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, ती ग्राउंडवर गेली आहे, रविवारीही खो-खोची प्रॅक्टिस आहे. बेळगावची प्रॅक्टिस निपाणीच्या स्टँडवर होत नाही.

सहामाहीचं प्रगतिपत्रकही माझ्यापर्यंत आलेलं नाही.

ती तुमच्याकडे आठवीपासून आहे. पोर मावशीजवळ राहावी ही जयाची इच्छा, म्हणून ठेवली. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण जे चाललं आहे ते खरं लिहा. तसंच काही असेल तर मी तिला लोंढ्याला आणून इथल्या शाळेत घालीन. खेळ आणि बेळगाव दोन्ही बंद.

महादेव घाडी


खासबाग, बेळगाव
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

महादेवराव यांना अक्काताईचा नमस्कार.

पत्र मिळालं. हस्ताक्षर बघून पाकीट आधी उलटंपालटं करून बघितलं. पाकिटावर माझं नाव जयाच लिहायची.

दिपाली बरी आहे. पहाटे पाचला उठते, ग्राउंडला जाते, साडेआठला येऊन भाकरी खाते आणि शाळेला पळते. त्यांच्या शाळेच्या मुली ऑक्टोबरात जिल्ह्याला पहिल्या आल्या. आता पाच आणि सहा डिसेंबरला गदगला विभागाच्या मॅची आहेत. तिथं जिंकल्या तर राज्याला जाणार. पोर दहावीत आहे, म्हणजे शाळेकडून खेळायची ही शेवटची वेळ. खेळाचे चौगुले सर सांगतात, तिच्याएवढी चपळ मुलगी त्यांच्याकडे दुसरी नाही.

निपाणीचं म्हणाल तर मैत्रिणीबरोबर गेली असेल. टीममधली रचना म्हणून आहे, शाळेच्या हॉस्टेलला असते, तिचं गाव तिकडचं. पोरी एकमेकींच्या घरी जातात, त्यात काय एवढं? भरमूने कुणाची बॅग कुणाच्या खांद्यावर बघितली हे मला माहीत नाही. प्रगतिपत्रक सरांकडे आहे, मिळालं की धाडते.

आता मी एक विचारते. राग मानू नका. नंदगडचे मारुतीराव तुमच्याकडे दोनदा येऊन गेले असं कानावर आलं. ते कुठं जातात आणि कशाला जातात हे सगळ्या खानापूर तालुक्याला ठाऊक आहे. तुम्हाला दुसरं लग्न करायचं असेल तर तो तुमचा प्रश्न. पण त्यासाठी घरात चूल पेटती दिसायला हवी म्हणून पोरीला नेत असाल तर मी देणार नाही. सहा महिन्यांत तुम्ही तिला बघायला किती वेळा आलात ते मोजा. दोनदा. आणि आता एकदम भरमूच्या डोळ्यांनी बघताय.

तब्येतीला जपा. डबा कोण देतं?

अक्काताई


लोंढा
बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

श्री. नागेंद्र चौगुले,
क्रीडाशिक्षक यांस,

मी तुमच्या शाळेतील दहावीची विद्यार्थिनी दिपाली घाडी हिचे वडील. लोंढा रेल्वे स्टेशनात पॉइंट्समन आहे, रुळांचे सांधे बदलतो. आपली भेट झालेली नाही. तिच्या आईची आणि तुमची झाली असेल.

मला तीन गोष्टी कळवाव्यात. सहामाहीत तिला किती गुण मिळाले? रविवारी तुमची प्रॅक्टिस असते का? टीमबरोबर वीस-बावीस वर्षांचा कोणी मुलगा असतो का?

हे पत्र तिला दाखवू नये ही विनंती.

महादेव घाडी


बेळगाव
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

श्री. महादेव घाडी यांस,

तुमचं पत्र आलं. विचारलेल्याचीच उत्तरं देतो.

सहामाहीत गणितात शंभरपैकी सतरा. बाकी विषयांत पास आहे. माझ्या टीमचा एक नियम आहे. कोणत्याही विषयात पस्तिसाच्या खाली गेलेली मुलगी खेळत नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या सामन्यांत दिपाली नव्हती. बाहेर बसली होती. तुम्हाला हे ठाऊक असेल असं मी समजत होतो.

नोव्हेंबरच्या चाचणीत तिला गणितात चव्वेचाळीस मिळाले. दीड महिन्यात एवढा फरक पडलेला पाहून मलाही शंका आली. गणिताच्या बाईंना सांगून तिला स्टाफरूममध्ये एकटीला बसवून दुसरी प्रश्नपत्रिका दिली. बेचाळीस मिळाले. मग तिचं नाव गदगच्या यादीत घातलं.

रविवारी प्रॅक्टिस नसते. टीमबरोबर कोणी मुलगा नसतो. हॉस्टेलच्या रजेच्या वहीत मात्र ऑक्टोबरपासून एक शनिवार सोडून एक अशी रचनाची नोंद आहे, आणि त्यापुढे 'सोबत दिपाली घाडी' असं लिहिलेलं आहे. खाली पालक म्हणून तुमच्या मेहुणीबाईंची सही आहे. त्यामुळे आम्ही हरकत घेतली नाही.

आणखी एक सांगणं माझं कर्तव्य आहे. तुमचं पत्र आल्यावर मी तिची जुनी कार्डं काढून पाहिली. ऑगस्टच्या चाचणीच्या कार्डावर पालकाची सही 'जयाबाई घाडी' अशी आहे. तुमच्या घरची बातमी मला जूनमध्येच कळली होती. तरी ती सही माझ्या नजरेतून सुटली. चूक माझी आहे.

खेळाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. खो-खोत आठ मुली एकाआड एक तोंडं फिरवून बसतात. पाठीमागून हात लागून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नसतं. जून-जुलैत दिपाली खो मिळायच्या आधीच उठायची. प्रत्येक वेळी फाऊल. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही म्हणून तिला बसवतच नव्हतं. मी रागावलो, रडली नाही, पुन्हा तेच केलं. आता ती बसते. मागून येणारीवर भरवसा ठेवून बसते. हे मी शिकवलेलं नाही. कुठून शिकली ते मला माहीत नाही.

नागेंद्र चौगुले


लोंढा
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

अक्काताई,

चौगुले सरांचं पत्र आलं. प्रत्येक रजेच्या खाली तुमची सही आहे. पोर जिल्ह्याला खेळलीच नाही, आणि तुम्ही मला 'मुली पहिल्या आल्या' एवढंच लिहिलंत. गणितात सतरा. आणि मेलेल्या आईच्या नावाने कार्डावर सही. हेही तुम्हाला ठाऊक होतं का, असं मी विचारत नाही. विचारून खरं कळेल असं आता वाटत नाही.

मारुतीराव आले होते. चहा देऊन परत पाठवले. दुसऱ्यांदा आले तेव्हा चहाही दिला नाही. एवढं उत्तर पुरे.

रविवारी, एक डिसेंबरला, मला सुट्टी आहे. येऊन दिपालीला घेऊन जाणार. तिची वह्या-पुस्तकं बांधून ठेवा. तिला आधी सांगू नका.

महादेव


खासबाग, बेळगाव
बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

महादेवराव,

काल संध्याकाळपासून चार वेळा फोन केला. तुम्ही उचलत नाही. म्हणून लिहिते, आणि सगळं लिहिते. रविवारच्या आत हे पोचेल.

जया बारावी सायन्स झालेली, हे तुम्हाला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. पुढं तुम्ही विसरला असाल. रोज संध्याकाळी सातला ती दिपालीला फोन करायची आणि तासभर गणितं सोडवून घ्यायची. तुमची तेव्हा ड्यूटी असायची. जया गेल्यावर पोरीने गणिताचं पुस्तक उघडलं नाही. सात वाजले की घरात थांबायची नाही, गल्लीच्या तोंडाला जाऊन उभी राहायची.

सतरा मार्क पडले आणि सरांनी बाहेर बसवलं, तेव्हा रचना तिला म्हणाली, "आमच्या आप्पांकडं चल. गणिताचे मास्तर हाईत." रचनाचे वडील सिद्राम गुरुजी कन्नड शाळेत गणित शिकवतात. गाव सदलगा. पोरीने मला विचारलं आणि मी पाठवलं. गुरुजी कानडीत बोलतात, ही मराठीत उत्तर देते आणि पाटीवर दोघांचं एकच येतं. शनिवारी दुपारी जायचं, रविवारी संध्याकाळी परत. तो पोरगा म्हणजे रचनाचा भाऊ यशपाल, बी.एड. करतो. पोरींना निपाणीच्या स्टँडपर्यंत आणून गाडीत बसवतो. तुमच्या भरमूने जरा थांबून बघितलं असतं तर त्याला तेही दिसलं असतं.

मग लपवलं का? ती माणसं बौद्ध आहेत. पोर त्यांच्या घरी जेवते, झोपते हे तुमच्या भावाला, भावकू आण्णांना कळलं असतं तर गावात त्यांनी काय काय बोलून दाखवलं असतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही काय म्हणाल याचीही खात्री नव्हती. आणि देवाशपथ सांगते, पहिल्या शनिवारी मलाही जड गेलं. पोर परत आली तेव्हा मी तिला 'काय जेवलीस' एवढंच दोनदा विचारलं. ती म्हणाली, "मावशी, भाकरी आणि वांगं. तू करतेस तसंच." मला माझीच लाज वाटली.

आता ड्रेसचं.

आपल्यात बारावं झालं की ज्याच्या त्याच्या आईकडची माणसं येऊन डोक्याला तेल लावतात, नवं कापड देतात, गोड भरवतात, आणि दुखवटा निघाला म्हणतात. बाराव्या दिवशी मी तुमच्या गावी स्वयंपाकघरात पातेली घासत होते. बाहेर तुमच्या मामांनी कापडं आणलेली बघितली. मला वाटलं, तुमच्याबरोबर पोरीचंही झालं. संध्याकाळच्या गाडीने तिला घेऊन मी आले. तुमचा दुखवटा दुसऱ्या दिवशी काढला हे मला आता, परवा कळलं. तुम्हाला वाटलं असणार, मावशीकडे गेली आहे, मावशी काढेल.

कुणीच काढला नाही, महादेवराव. सहा महिने त्या पोरीने डोक्याला तेल लावलं नाही. गोड खाल्लं नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. केस कोरडे दिसायचे तर मी म्हणायचे, ग्राउंडची धूळ. लाडू पुढं केला तर म्हणायची, "सर नको म्हणतात, वजन वाढतंय." खेळणाऱ्या पोरीचं खरंच असेल म्हणून मी सोडून द्यायचे.

दिवाळीनंतरच्या शनिवारी रचनाच्या आईने, तानुबाईने, तिला धरून विचारलं. पोर म्हणाली, माझा दुखवटा काढायला कोणी आलं नाही, म्हणून मी तशीच आहे. मी या शनिवारी स्वतः सदलग्याला जाऊन आले तेव्हा तानुबाईने हे मला सांगितलं. मी विचारलं, "तुमच्यात असतं का हे?" तर म्हणाली, "आमच्यात असलं काय न्हाय, आक्का. पर तुमच्यात हाय न्हवं? मग पोरीला ठावं हाय, आन् तुमाला कुणालाच न्हाय, ही कुठली तऱ्हा? मला ते कोरडं डोसकं बघवंना. बसवली पाटावर, अर्धी वाटी तेल जिरवलं. शेवयाची खीर केली. रातोरात ड्रेस शिवून घेतला, गजरा माळला. चुकलं असंल तर सांगा." मी तिथंच बसून रडले. तिनेच मला पाणी दिलं.

ऑगस्टच्या सहीचं मला खरोखर माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचून पोरीला विचारलं. ती म्हणाली, "आजवर प्रत्येक कार्डावर आईचीच सही आहे. आप्पांची सही कशी असते ते मला माहीतच नाही."

रविवारी या. जेवायला या. पण पोरीला न्यायला येऊ नका. तिला गदगला खेळू द्या.

अक्काताई


लोंढा
सोमवार, २ डिसेंबर २०२४

अक्काताई,

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. मी गुरुवारीच बेळगावला येऊन गेलो होतो. तुम्हाला सांगितलं नव्हतं. स्टेशनवरून सरळ शाळेत गेलो आणि दिपालीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मुख्याध्यापक म्हणाले, "दहावीची मुलगी नोव्हेंबरात कोणी नेतं का? परीक्षेचा अर्ज अजून गेलेला नाही म्हणून देता येतो, पण विचार करा." मी म्हटलं, केला आहे. सही केली. त्यांनी संगणकावरून नाव काढलं, दाखला दिला, मी खिशात घातला आणि दुपारच्या गाडीने परत आलो. चारला ड्यूटी होती. दिपाली तेव्हा वर्गात होती. मी तिला बोलावलं नाही. रविवारी नेताना सांगू असं ठरवलं होतं.

तुमचं पत्र मी पॉइंटच्या खोलीत वाचलं. गाडी यायची होती म्हणून अर्धं वाचून ठेवलं आणि गाडी गेल्यावर उरलेलं वाचलं.

शनिवारी रजा टाकून पहिल्या गाडीने आलो. मुख्याध्यापकांनी दाखला परत घेतला. नाव पुन्हा घातलं, नवा दाखल नंबर पडला. दहावीचा अर्ज जाईल, त्यात अडचण नाही. पण गदगची यादी शुक्रवारी दुपारीच गेली होती. त्या दिवशी दिपाली शाळेची विद्यार्थिनी नव्हती. चौगुले सरांना तिच्या जागी नववीतली मुलगी घालावी लागली. त्यांनी माझ्यासमोर दोन ठिकाणी फोन केले. यादी बदलता येत नाही असं दोन्हीकडून सांगितलं.

दिपाली ग्राउंडवर होती. सरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. यादीतून नाव गेल्याचं तिला कळलेलं होतं. केसांना तेल होतं, मी पाहिलं. मी म्हटलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "जेवले." मी म्हटलं, "अभ्यास कर." ती म्हणाली, "करते." मग शिट्टी झाली आणि ती गेली. तुमच्या घरी यायचं धैर्य झालं नाही. पावणेदोनच्या गाडीने परतलो.

तुम्ही विचारलं होतं, डबा कोण देतं. मीच करतो.

महादेव


बेळगाव
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

ती. आप्पांना दिपालीचा नमस्कार.

मावशीने सांगितलं, तुम्हाला फोनवर बोलता येत नाही, पत्र लिही. म्हणून लिहिते.

सरांनी मला गदगला नेलं होतं. खेळायला नाही. पाणी द्यायला आणि आमचा स्कोअर लिहायला. पहिल्या दोन मॅची आम्ही जिंकलो. फायनलला एका पॉइंटने हरलो. शेवटच्या मिनिटात माझ्या जागेवरच्या नववीच्या मुलीने खो मिळायच्या आधी उठून फाऊल केला. ती माझ्याजवळ येऊन खूप रडली. मी तिला सांगितलं, जुलैत मी रोज तेच करत होते. सगळ्या म्हणतात, तू असतीस तर जिंकलो असतो. सर म्हणाले, असं पुन्हा कोणी म्हणायचं नाही, जी खेळली तिचा अपमान होतो. मला ते पटलं. पण मी असते तर मी उठले नसते, हे मला माहीत आहे. हे मी टीममध्ये कोणाला बोलले नाही, तुम्हाला लिहिते.

रचना माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्यावर न्हाय गं राग. तुझ्या आप्पांवर हाय. पर त्यांच्याशी कसं भांडू? वळख न्हाय." मग आम्ही दोघी हसलो.

आईच्या नावाने सही केली ती चूक होती. त्याबद्दल सरांसमोर माफी मागितली. तुमचीही मागते. सतरा मार्क लपवले तेही चूक. मी शनिवारचं सदलगा सोडणार नाही. सिद्राम गुरुजी म्हणतात, मार्चपर्यंत ऐंशीच्या वर नेतो. परीक्षा होईपर्यंत मी बेळगावातच राहणार. नंतर कॉलेजच्या टीममध्ये जाणार. हे विचारत नाही, सांगते.

आता मला एक विचारायचं आहे. भरमूकाकांनी मला बघितल्यावर तुम्ही मावशीला विचारलं, सरांना विचारलं, शाळेला विचारलं. मला विचारलं नाही. शनिवारी समोर उभी होते तेव्हाही नाही. तुम्हाला काय वाटलं होतं? यशपालदादाचं काही वाटलं होतं का? वाटलं असेल तर तसं लिहा. मला खरं हवं आहे. मीही आता खरंच लिहिणार.

दिपाली


लोंढा
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४

चि. दिपाली हिला आप्पाचा आशीर्वाद.

पत्र तीन वेळा वाचलं. तू विचारलंस म्हणून खरं लिहितो. हे मी तुझ्या मावशीला लिहिलेलं नाही, आणि तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

त्या पोराचं वाटलं होतं, पण थोडं. मी पत्रात त्याचंच जास्त लिहिलं, कारण तसं लिहिणं सोपं होतं. बापाने असं लिहिलं तर कोणाला वावगं वाटत नाही. भरमूने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी कोणालाच लिहिली नाही. तो म्हणाला होता, "पोरगी लई हसत हुती बघा. लई दिवसांनी बघितली तिला हसताना. बरं वाटलं."

त्याला बरं वाटलं. मला वाटलं नाही. मला वाटलं, सहा महिन्यांत ही आईला विसरली. मी इथं रिकाम्या क्वार्टरमध्ये बसतो, आईची साडी दांडीवरून अजून काढलेली नाही, आणि ही गजरा माळून हसते. त्या रागात मी तुझा दाखला काढला. तुझ्या काळजीने काढला असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नव्हतं. तुझं कोरडं डोकं मला दिसलं नाही. माळलेला गजरा मात्र दुसऱ्याने पाहून सांगितला तेवढ्यावरून दिसला.

गदगचं परत आणून देता येत नाही. त्याची माफी कशी मागायची मला कळत नाही, म्हणून मागितली असं समज.

तुझं सगळं कबूल आहे. सदलगा, बेळगाव, कॉलेजची टीम. भावकू आण्णा काही बोलला तर त्याला उत्तर मी देईन. इथून पुढे काही कळलं तर मी आधी तुला विचारीन. तू रागावून उत्तर दिलंस तरी चालेल.

बावीस तारखेच्या रविवारी मला सुट्टी आहे. सदलग्याला यावं असं मनात आहे. गुरुजींना आणि तानुबाईंना भेटायचं आहे. तिथं गेल्यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तू तानुबाईंना आधी विचार, मी त्यांच्या घरी आलेलं चालेल का. चालत नसेल तर मी निपाणीच्या स्टँडवरच थांबेन. तू आलीस की तुला बेळगावच्या गाडीत बसवून परत जाईन.

आप्पा